खेड्यापाड्यांत नेतां येईल असा ध्वनिवर्धक



ध्वनि या विषयावर क्रमिक पुस्तकांत जें प्रकरण असतें तें आपण परीक्षेपुरतें वाचतों. कंपन, तरंग, प्रतिध्वनि हे शब्द पाठ होतात. परंतु भरलेल्या सभेंत मागच्या रांगेंतील म्हातारबोवा कानामागें हात धरून शेजाऱ्यास ‘काय म्हणाले?’ असें कां विचारतात, या प्रश्नाचें उत्तर त्याच प्रकरणांत आहे, हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. बॅटरीवर चालणारा, एका माणसास उचलून नेतां येईल असा आणि स्वच्छ आवाज देणारा ध्वनिवर्धक घरच्या घरीं कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे. त्यास लागणारें गणित बहुतेक गुणाकार-भागाकाराचेंच आहे. लांकडाचें काम सुताराच्या देखरेखीखालीं व विजेचें काम शिक्षकांच्या अगर वडील माणसांच्या समक्ष करावें, एवढी अट मात्र आरंभींच सांगून ठेवतों.

मावळाची गरज

लोणावळ्याच्या आसपास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हें पाणी लोणावळें, वळवण व शिरवते येथील धरणांत अडवावें, घाटाखालीं खोपोलीस सोडावें आणि त्याच्या पडण्यापासून वीज उत्पन्न करावी, ही योजना टाटांनीं हातीं घेतली. आणि १९१५ सालीं ती वीज मुंबईस पोंचली. गिरण्यांचीं चक्रें मावळच्या पावसावर फिरूं लागलीं. पण मावळांतल्या वाड्यावस्त्यांवर पुढें कित्येक वर्षें कंदीलच जळत होता. आज गांवोगांवीं विजेचे खांब आले आहेत. तथापि पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ यांच्या खोऱ्यांत भर पावसांत एखादें झाड तारांवर कोसळलें कीं वीज जाते. आणि डोंगरउतारावरील वस्तीवर सभा, भजन अगर शाळेचा कार्यक्रम करावयाचा तर वीज हाताशीं असेलच असें नाहीं. म्हणून आपली शक्ति आपल्याबरोबर नेणारें यंत्र येथें उपयोगाचें.

खेड्यांतील लोकांनीं एकत्र बसून यंत्रांतून आलेला शब्द ऐकावा, या गोष्टीशीं आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. पुणें येथें आकाशवाणीचें केंद्र १९५३ सालीं २ ऑक्टोबर रोजीं सुरू झालें. त्या केंद्रानें १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्यानें एक प्रयोग केला. पुणें, नाशिक, कोल्हापूर, तेव्हांचा अहमदनगर व तेव्हांचा उत्तर सातारा या पांच जिल्ह्यांतील १५० खेडीं निवडलीं. प्रत्येक खेड्यांत एक लहानसें श्रोतृमंडळ स्थापिलें. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा, असे एकंदर २० कार्यक्रम झाले. त्या काळीं बहुतेक खेड्यांत वीज नव्हती व सार्वजनिक रेडिओचे संच पुष्कळदां बॅटरीवर चालत. मंडळांतील लोक कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं या प्रयोगाचें परीक्षण केलें. मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान स्पष्टपणें वाढलें. नुसता रेडिओ असून मंडळ नव्हतें अशा गांवांत ती वाढ अगदीं अल्प होती, असें त्यांस आढळलें.

या प्रयोगाचा धडा आपल्या कामाचा आहे. तेथें फळ आलें तें आवाज मोठा होता म्हणून नव्हे. थोडीं माणसें जवळ बसून नीट ऐकत व ऐकलेल्यावर बोलत म्हणून. आपला ध्वनिवर्धकहि आपण याच मापानें मोजूं. तो किती दूर गर्जतो हें न विचारतां, शेवटच्या रांगेंतील माणसास शब्द कळला कीं नाहीं, हें विचारूं.

शब्द कशांत असतो?

मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या बोलण्यांतील बहुतेक शक्ति आ, ए, ओ अशा स्वरांत असते. हीं कंपनें मुख्यतः दर सेकंदास शंभरापासून हजारापर्यंत असतात. व्यंजनांत शक्ति फार थोडी; परंतु अर्थ बराचसा त्यांच्यांतच. स, श, त, ठ, ख यांच्या उच्चारांत जी बारीक घासण्याची वा फुटण्याची चाहूल असते, तींतील कंपनें दर सेकंदास दोन हजारांपासून सहा-सात हजारांपर्यंत जातात. हीं वरचीं कंपनें गळलीं तर स्वर उरतो व शब्द हरवतो.

याची प्रचीति सहज घेतां येईल. एका मुलानें दाराआड उभें राहून ‘आठ’, ‘साठ’, ‘पाठ’, ‘काठ’ हे शब्द वाटेल त्या क्रमानें म्हणावे आणि दुसऱ्यानें ऐकून लिहावे. दार उघडें असतांना चुका नाहींत. दार लावून घेतल्यावर आवाज ऐकूं येतो, पण कोणता शब्द तें कळत नाहीं. आतां ग्रामसभेंत ‘साठ रुपये’ आणि ‘आठ रुपये’ यांत असा गोंधळ झाला तर काय होईल, याची कल्पना करा. पुढें बसलेले माना डोलवितात. मागें बसलेल्या बायका, वृद्ध माणसें, उशिरां आलेले मजूर हे ठराव झाल्यावर घरीं जातात, आणि काय ठरलें तें दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात. ज्यास ऐकूं आलें नाहीं त्यास हरकत घेतां येत नाहीं.

सभांतून व जत्रांतून दिसणारा पत्र्याचा कर्णा मधल्या पट्टींतील ध्वनि जोरानें दूर फेंकतो. मोकळ्या मैदानावर त्याचा उपयोग आहे. पण पखवाजाचा घुमारा त्यास पेलत नाहीं, आणि लहान जागेंत तो कानास टोंचतो. आपण म्हणून शंकूचा स्पीकर व लांकडाची पेटी घेऊं.

शंकु आणि पेटी

स्पीकरमध्यें लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें लोंबत असतें व त्यास कागदाचा वा प्लॅस्टिकचा शंकु जोडलेला असतो. वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला म्हणजे तें पुढेंमागें हलतें, त्याबरोबर शंकु हलतो आणि शंकु हवा ढकलतो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं या रचनेचें जें रूप प्रसिद्ध केलें, त्याच मूळ तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात.

आतां एक प्रयोग करा. सुटा स्पीकर हातांत धरून त्यावर गाणें लावा. आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ येईल. मग एका मोठ्या पुठ्ठ्यास स्पीकरच्या मापाचें भोंक पाडा आणि स्पीकर त्या भोंकावर दाबून धरा. तत्क्षणीं खर्जाचे सूर जागे होतील. कारण असें कीं, शंकु पुढची हवा दाबतो तेव्हां मागची हवा विरळ करतो. खर्जाचे तरंग लांब असल्यामुळें पुढची दाबलेली हवा कडेनें वळसा घालून मागच्या विरळ हवेंत शिरते, आणि दोन्ही परस्परांस खाऊन टाकतात. पुठ्ठा ही वाट अडवितो. पेटीचें कामहि हेंच. शंकूच्या मागील ध्वनि कोंडून ठेवणें.

म्हणून पेटी जड, घट्ट व हवाबंद हवी. पातळ फळ्यांची पेटी स्वतःच थरथरते व स्वतःचाच सूर मिसळते. तसेंच तिची लांबी, रुंदी व खोली एकसारखी नसावी. तिन्ही मापें सारखीं असलीं तर आंतील हवा एकाच ठराविक सुरांत घुमते व तो सूर प्रत्येक शब्दांत डोकावतो.

शक्तीचा हिशेब

ध्वनीची तीव्रता डेसिबेल या मापानें मोजतात. त्याचे चार नियम ध्यानांत ठेवले म्हणजे आपलें काम भागतें. शक्ति दुप्पट केली कीं ३ डेसिबेल वाढतात. शक्ति चौपट केली कीं ६ वाढतात. शक्ति दसपट केली कीं १० वाढतात, आणि तेव्हां कोठें कानास आवाज सुमारें दुप्पट झाल्यासारखा वाटतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ६ डेसिबेल कमी होतात.

स्पीकर विकत घेतांना त्याच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते. ती ९० डेसिबेल असेल तर त्याचा अर्थ असा कीं, एक वॅट शक्ति दिली असतां एक मीटरावर ९० डेसिबेल आवाज मिळतो. मग दोन मीटरांवर ८४, चारांवर ७८, आठांवर ७२ आणि सोळा मीटरांवर ६६. एक मीटरावरून मित्राशीं साधें बोलतों तें सुमारें ६० डेसिबेल असतें. म्हणजे शांत जागीं सोळा मीटरांवर बसलेल्या मनुष्यास एका वॅटांत बोलणें चांगलें ऐकूं जातें. शंभर-सव्वाशें माणसांची सभा एवढ्या जागेंत आरामांत बसते.

आतां कोणी स्वस्त म्हणून ८४ डेसिबेलांचा स्पीकर आणला तर तोच आवाज मिळविण्यास त्याला चौपट शक्ति द्यावी लागेल, म्हणजे बॅटरीहि चौपट लागेल. उलट १५ वॅटांच्या वर्धकाऐवजीं ३० वॅटांचा आणला तर मिळकत फक्त ३ डेसिबेलांची; कानास ती जेमतेम कळते. बाजारांत पेटीवर जे वॅटांचे मोठाले आंकडे छापलेले दिसतात त्यांस भुलूं नये. वॅट हा खर्चाचा आंकडा आहे, मिळकतीचा नव्हे. प्रथम चांगला स्पीकर, मग चांगली पेटी, आणि सर्वांच्या शेवटीं वॅट, असा क्रम धरावा.

बॅटरी

बॅटरीसाठीं आज दोन सोयीचे प्रकार आहेत. पहिली शिशाची, १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची, जी घरगुती यूपीएसमध्यें वापरतात. ती स्वस्त आहे. पण वजन दोन किलोंहून जास्त, आणि निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचें आयुष्य घटतें. दुसरी लिथियम-लोह-फॉस्फेटची. तिच्या ३.२ व्होल्टांच्या चार घटांची माळ केली कीं १२.८ व्होल्ट होतात. ६ अँपिअर-तासांची घेतली तर वजन एक किलोच्या आंतबाहेर, बहुतेक सगळी शक्ति वापरतां येते आणि भारण्याचे फेरेहि पुष्कळ अधिक सोसते. किंमत जास्त पडते, पण पाठीवर नेण्याच्या यंत्रास हीच योग्य.

तिच्यांत शक्ति किती? १२.८ गुणिले ६, म्हणजे सुमारें ७७ वॅट-तास. एका तासाचे सेकंद ३,६०० धरले तर सुमारें २,७६,००० जूल होतात. हा आंकडा डोळ्यांपुढें आणण्यास आपल्याच घाटाकडे पाहूं. लोणावळ्याचें पाणी सुमारें ५०० मीटर खालीं खोपोलीस पडतें. एक लिटर पाणी इतक्या उंचीवरून पडलें कीं ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४,९०० जूल शक्ति देतें. भागाकार करून पाहा. आपल्या बॅटरीची सारी शक्ति ५६ लिटर पाण्याच्या पडण्याएवढी आहे. पंधरा लिटरांच्या घागरीनें मोजलें तर चारहि घागरी भरत नाहींत. शक्तीचा अपव्यय करूं नये असें आपण ऐकतों. तिचें माप असें घागरींत मोजलें म्हणजे तें मनांत ठसतें.

सुदैवानें बोलण्यास व भजनास सरासरी शक्ति थोडीच लागते. टाळेच्या वा टिपेच्या क्षणीं १५ वॅट लागले तरी सरासरी दीड वॅटाच्या आसपास राहते. माइक व वर्धक यांचा स्वतःचा खर्च दीड वॅट धरा. एकूण तीन वॅट. बॅटरीचे ७७ पैकीं ६० वॅट-तास हातीं आले असें मानलें तरी वीस तास यंत्र चालेल. चार तासांच्या पांच सभा एका भारणींत होतात.

वर्धक ‘क्लास डी’ जातीचा घ्यावा. जुन्या जातीचा वर्धक अर्धवट उघडलेल्या तोटीसारखा आहे. जी शक्ति तो अडवितो ती उष्णता होऊन वायां जाते. क्लास डी वर्धक तोटी पुरी उघडतो व पुरी मिटतो, आणि हें सेकंदास लक्षावधि वेळां करतो. उघडण्याचा काळ कमीजास्त करून तो आवाजाचा आकार साधतो. त्यामुळें बॅटरींतील शंभरांपैकीं ऐंशीं-नव्वद भाग भर आवाजाच्या वेळीं स्पीकरपर्यंत पोंचतात. बारा व्होल्टांवर ४ ओहमच्या स्पीकरास यांतून सुमारें १५ वॅट मिळतात, ८ ओहमच्या स्पीकरास सुमारें निम्मेच. म्हणून ४ ओहमचा स्पीकर घ्यावा.

साहित्य व कृति

बारा मिलिमीटर जाडीचें प्लायवुड. साडेसहा इंची, ४ ओहमचा, ९० डेसिबेलांच्या आसपास संवेदनशीलतेचा स्पीकर. ४ ओहमचा एक लहान ट्वीटर. १० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर. माइकची जोडणी असलेला क्लास डी वर्धक. बॅटरी, तिला योग्य असा चार्जर, ३ अँपिअरचा फ्यूज, बटण, जाड तार, स्क्रू, फेविकॉल व मूठभर पिंजलेला कापूस. एवढें साहित्य पुरे.

फळ्या अशा कापाव्या. पुढची व मागची प्रत्येकी ३६.४ बाय २४.४ सेंटीमीटर, दोन बाजू ३६.४ बाय १८. वरची व तळाची २२ बाय १८. जोडल्यावर आंतील पोकळी ३४ बाय २२ बाय १८ सेंटीमीटर, म्हणजे सुमारें साडेतेरा लिटर होते. पुढच्या फळीस स्पीकरचें भोंक मध्यापासून किंचित् बाजूस पाडावें; भोंकाचें माप स्पीकर हातांत आल्यावर त्याच्यावरूनच घ्यावें. सांध्यांस फेविकॉल लावून स्क्रू आंवळावे व आंतून पुन्हां एक हात फिरवावा. पुढच्या व मागच्या फळीमध्यें एक आडवी पट्टी ठोकली म्हणजे दोन्ही थरथरत नाहींत. आंत कापूस सैल भरावा. पेटींत घुमणारे वरचे सूर तो शोषून घेतो.

बॅटरी व वर्धक यांस या पोकळींत ठेवूं नये. पेटीखालीं त्याच रुंदीचा, दहा सेंटीमीटर उंचीचा निराळा कप्पा करून त्यास हवेसाठीं भोंकें ठेवावीं. सर्व मिळून वजन सात किलोंच्या आसपास होतें. वर एक मजबूत मूठ बसविली कीं शाळेंतला मोठा मुलगा हें यंत्र सहज उचलतो.

जोडणीचा क्रम असा. बॅटरीच्या धन टोंकाशीं अगदीं लगत फ्यूज, मग बटण, मग वर्धक, मग स्पीकर. फ्यूज दूर लावूं नये; फ्यूज व बॅटरी यांमधील तार जर कोठें घासून उघडी पडली तर तिला रक्षण राहत नाहीं, आणि लिथियमच्या बॅटरींत तार जळण्याइतका प्रवाह क्षणांत वाहतो. त्याच कारणानें संरक्षक मंडल असलेलीच बॅटरी घ्यावी, आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमच्या बॅटरीस लावूं नये. ट्वीटरच्या एका तारेंत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. ४ ओहमला त्यामुळें सुमारें चार हजार कंपनांच्या वरचेच ध्वनि ट्वीटरकडे जातात व खालचे अडतात. ‘साठ’मधला ‘स’ सांभाळणारा हाच पहारेकरी.

स्पीकरचीं धन-ऋण टोंकें ओळखण्यास दीड व्होल्टांचा साधा सेल त्यास क्षणभर टेंकवावा. शंकु पुढें आला तर सेलचें धन टोंक स्पीकरच्या धन टोंकास लागलें आहे. पेटी हवाबंद झाली कीं नाहीं हें पाहण्यास शंकु बोटांनीं सर्व बाजूंनीं सारखा, हलकेच आंत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर सांधे घट्ट. झटकन् आला तर कोठें तरी फट आहे. खर्जाचें गाणें लावून सांध्याजवळ उदबत्ती धरली कीं धूर जेथें थरथरतो तेथें फट सांपडते.

ज्यांस भजनासाठीं खर्ज अधिक हवा त्यांनीं दुसरी पायरी म्हणून पेटीस नळी बसवावी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलें असतां ती एका ठराविक सुरांत घुमते. नळीची पेटी त्याच तत्त्वावर चालते. आंतून पांच सेंटीमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी साडेनऊ सेंटीमीटर लांब ठेवली तर स्पीकर, पट्टी वगैरेंची जागा वजा जातां उरलेली साडेबारा लिटर हवा दर सेकंदास सुमारें साठ कंपनांवर घुमते. आरंभीं नळी बारा सेंटीमीटरांची घ्यावी आणि ऐकत ऐकत थोडथोडी कापावी. कापलेली नळी वाढवितां येत नाहीं. प्रत्येक स्पीकर या पेटीस मानवतोच असें नाहीं. घुमारा फार झाला तर नळी काढून भोंक बुजवून टाकावें. ज्यांचें काम केवळ बोलण्याचें आहे त्यांनीं या भानगडींत पडूं नये. उलट वर्धकावरील खर्जाचें बटण उतरवून ठेवावें. बोलणें उघडें होतें व बॅटरीहि वांचते.

पावसाळ्याची तजवीज

भातलावणीच्या दिवसांत मावळचा शेतकरी पाठीवर इरलें घेऊन वांकतो. पाऊस पाठीवरून ओघळतो व हात मोकळे राहतात. आपल्या पेटीसहि असेंच इरलें हवें. वरून व मागून ताडपत्रीची झांप, पण पुढची बाजू मोकळी. पेटीस आंतून-बाहेरून व्हार्निशचे दोन हात द्यावे. कापलेल्या कडांस तीन, कारण प्लायवुड पाणी कडेनें पितें. शक्य तर प्लॅस्टिकच्या शंकूचा स्पीकर घ्यावा. पेटी जमिनीवर न ठेवतां स्टुलावर ठेवावी. काम झाल्यावर ओली पेटी गोणपाटांत गुंडाळून ठेवूं नये. कोरड्या, हवेशीर जागीं उघडी ठेवावी. बॅटरी पावसाळाभर पडून राहणार असेल तर ती निम्मी भारून ठेवावी व मधून मधून पाहावी. शिशाची असेल तर मात्र पुरी भारून.

सभेंतील मांडणी

उत्तम यंत्र वाईट रीतीनें मांडलें तर तें वाईटच ऐकूं येतें. पहिली गोष्ट, पेटी बसलेल्या माणसांच्या डोक्यांहून थोडी उंच असावी. खालीं ठेवली तर वरचे बारीक ध्वनि पहिल्या रांगेच्या अंगांतच जिरतात, आणि पुढच्यांस कर्कश व मागच्यांस अस्पष्ट अशी दोघांचीहि गैरसोय होते.

दुसरी गोष्ट, माइक पेटीच्या पुढें कधींहि येऊं देऊं नये. पेटींतील आवाज माइकांत शिरतो, वर्धकांतून पुन्हां पेटींत येतो व पुन्हां माइकांत. ही फेरी वाढत जाऊन कान फोडणारी शिट्टी सुरू होते. वक्त्यानें पेटीच्या मागें वा बाजूस उभें राहावें. माइक तोंडाशीं जवळ धरावा. तोंडापासून तीस सेंटीमीटरांवर असलेला माइक पंधरावर आणला कीं ६ डेसिबेल फुकट मिळतात. तेवढ्यासाठीं वर्धकाची शक्ति चौपट करावी लागली असती. माइकावर फुंकून वा बोटानें ठोकून तो तपासूं नये. चार शब्द बोलावे.

तिसरी गोष्ट, जागा ओळखावी. कार्ल्याच्या चैत्यगृहांत गेलेल्यांस ठाऊक असेल कीं, दगडाच्या त्या उंच कमानींत उच्चारलेला शब्द बराच वेळ रेंगाळतो. दगडी सभामंडप, रिकामा वर्ग, पत्र्याची शेड यांतहि थोडाबहुत हाच प्रकार होतो. एक अक्षर विरण्यापूर्वीं दुसरें येतें व दोन्ही कालवलीं जातात. अशा जागीं आवाज वाढविला कीं मूळ शब्दाबरोबर त्याचें रेंगाळणेंहि तेवढेंच वाढतें. लाभ कांहींच नाहीं. तेथें पेटी श्रोत्यांच्या जवळ आणावी, आवाज कमी करावा आणि सावकाश बोलावें. माणसें भरलीं, सतरंज्या अंथरल्या कीं हा दोष बराच कमी होतो.

दोन पेट्या वापरावयाच्या असल्या तर त्या फार लांब ठेवूं नयेत. ध्वनि सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. सतरा मीटर अधिक दूर असलेल्या पेटीचा शब्द एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका मागून येतो, आणि तेवढ्यानें कानास शब्द दुहेरी वाटूं लागतो.

मर्यादा

हातांत आवाज वाढविण्याचें साधन आलें म्हणजे तो वाढवावासा वाटतो. पण ज्याच्या इच्छेवांचून त्याच्या कानांत शिरतो तो ध्वनि त्यास गोंगाटच वाटतो. ध्वनिप्रदूषणाविषयीं २००० सालीं झालेल्या नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सामान्यतः मनाई आहे, सार्वजनिक वापरास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं किमान शंभर मीटरांचें शांतता-क्षेत्र ठरवितां येतें. नियम राहूं द्या. लोहगडावर, भाज्याच्या लेण्यांत, पवनेच्या कांठीं माणसें जातात तीं वारा, पाणी व पांखरें ऐकावयास. उचलून नेतां येणारें यंत्र कोठें नेऊं नये हें ठरविणें, हाहि ते वापरण्याच्या विद्येचाच भाग आहे.

शेवटीं यंत्राच्या परीक्षेची एक रीत सांगतों. पेटी मांडून झाली कीं ती करणाऱ्यानें तिच्याजवळ उभें राहूं नये. त्यानें उठून सर्वांत मागें जावें, जेथें कानानें अधू आजीबाई बसल्या असतील त्यांच्या शेजारीं मांडी घालावी. पुढें एका मुलानें पुस्तकांतील न पाहिलेल्या उताऱ्यांतले वीस निरनिराळे शब्द सावकाश वाचावे आणि मागें बसलेल्यानें ते लिहून घ्यावे. वीसपैकीं अठरा-एकोणीस बरोबर आले तर यंत्र उत्तम साधलें. बारा-तेराच आले तर आवाजाचें बटण फिरविण्यापूर्वीं पेटीची उंची, माइकाचें अंतर आणि ट्वीटरची जोडणी तपासावी. दोष बहुधा तेथेंच सांपडेल. मग आजीबाईंस विचारावें कीं, कानास त्रास तर होत नाहीं ना? त्यांनीं ‘नाहीं, नीट ऐकूं येतें,’ असें सांगितलें म्हणजे सभा सुरू करण्यास हरकत नाहीं.